असई : सहा वाजेपर्यंत

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये ते कोरलेलं आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती हाती आली आणि जाणकारांना थेट इटलीतली पॉम्पेई आठवली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. तिची घडण आणि हिची घडण एकमेकींच्या जवळची. केळणा नदीकाठच्या या गावाची आणि रोमची ओळख अशी दोन हजार वर्षांची.

रोमची आणखी एक चीज मात्र या मुलखात फार उशिरा आली. ती म्हणजे कवायत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या सरदारांनी एलियनचा ग्रीक युद्धशास्त्राचा ग्रंथ आणि रोमन लीजनची वर्णनं उघडली आणि त्यातून आपले शिपाई घडवले. एका ओळीने बार काढायचा, मागं सरून बंदूक भरायची, तोवर पुढच्या ओळीने बार काढायचा, ही युक्ती विल्यम लुईने १५९४ साली आपला चुलतभाऊ मॉरिस याला पत्रातून कळवली. तीच शिस्त पुढं युरोपभर पसरली. महादजी शिंद्यांनी डी बॉयनला चाकरीत घेतलं आणि ती हिंदुस्थानी शिपायांच्या पायात आली. शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती फौजेच्या तुकड्या, उभे राहिले.

२३ सप्टेंबर १८०३ च्या संध्याकाळी सहा वाजता, इंग्रजांशी लढून, हेच कंपू भोकरदनजवळच्या असईच्या शिवारात ९८ तोफा टाकून जुई नदीपलीकडे गेले. तिथपर्यंतचा हा घटनाक्रम.

२५ दिवस बाकी : २९ ऑगस्ट, औरंगाबाद

वसईच्या तहावर ३१ डिसेंबर १८०२ रोजी सही करून दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली होती. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना ते मान्य नव्हतं. ६ ऑगस्टला युद्ध जाहीर झालं आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. गोदावरी ओलांडून मेजर जनरल आर्थर वेलस्ली औरंगाबादेत आला. वय ३४. हिंदुस्थानात येताना त्याच्या पुस्तकांच्या पेटीत सीझरची 'कॉमेंटरीज' होती.

शहराजवळ त्याची गाठ कर्नल कॉलिन्सशी पडली. कॉलिन्स हा शिंद्यांच्या दरबारचा इंग्रज वकील, नुकताच त्यांच्या छावणीतून निघून आलेला. ठेंगणा, वयस्क, जुन्या घाटाचा लष्करी कोट, पावडर लावलेला केसांचा टोप, आकाशी रंगाचे रेशमी मोजे आणि बुटांवर चकचकीत बक्कलं. त्याने जनरलला बजावून सांगितलं : त्यांच्या घोडदळाची पर्वा करू नका, पण त्यांचं पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही थक्क व्हाल. परतीच्या वाटेवर मंडळींनी त्या म्हाताऱ्याची यथेच्छ टिंगल केली.

दोन दिवस बाकी : २१ सप्टेंबर, बदनापूर

शिंदे-भोसल्यांची फौज निजामाच्या मुलखात शिरली होती. जालना तिने घेतलं आणि इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनने ते परत मिळवलं. पण प्रत्यक्ष गाठ पडत नव्हती. बदनापुरात वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. ठरलं असं की डोंगरातल्या अरुंद वाटांनी दोन्ही फौजा एकाच दिवशी पार व्हाव्यात म्हणून वेगळ्या निघाव्यात. वेलस्लीने पूर्वेकडून जायचं, स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून. २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा.

कुठं? हरकाऱ्यांनी खबर आणली होती : शत्रू भोकरदनला आहे.

सात तास बाकी : सकाळी ११

पहाटेच्या आधी निघालेली वेलस्लीची फौज १४ मैल चालून इंग्रजी कागदांत 'नौलनिया' म्हणून नोंदलेल्या गावी पोचली. आज इथंच मुक्काम, उद्या स्टीव्हन्सनशी भेट, असा बेत होता. तंबू लावायला जागा पाहणं चाललं असतानाच नवी खबर आली : शत्रू जेमतेम सहा मैलांवर आहे.

हरकारे खोटं बोलले नव्हते. भोकरदन हे जसं गावाचं नाव, तसंच परगण्याचंही. मराठ्यांची छावणी भोकरदन गावापासून पूर्वेला असईपर्यंत पसरली होती. ती सारी भोकरदन परगण्यात. सांगणाऱ्याने मुलूख सांगितला, ऐकणाऱ्याने नकाशावरचा ठिपका ऐकला. आपल्याकडं आजही 'सिल्लोडचा आहे' म्हणणारा माणूस गावचा की तालुक्यातला, हे दुसऱ्यांदा विचारावंच लागतं.

खबरीचा दुसरा भाग जास्त अडचणीचा होता. घोडदळ हललं आहे आणि पायदळ त्याच्या मागोमाग निघायच्या बेतात आहे. उद्यापर्यंत थांबलं तर कंपू हातचे निसटणार, मागं फिरलं तर हजारो सवार पाठीवर बसणार. वेलस्लीने सामानसुमान एका पलटणीच्या पहाऱ्यात मागं ठेवलं आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता कूच केलं.

दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले त्याच सकाळी छावणीतून बाहेर पडले होते. एवढ्याशा फौजेनिशी इंग्रज आज चालून येईल असं त्यांना वाटलं नाही. हिशेबाने ते बरोबरच होतं. फौज मागं उरली ती अँथनी पोलमनच्या हुकमाखाली. पोलमन जन्माने हॅनोव्हरचा, एकेकाळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता.

पाच तास बाकी : दुपारी १

टेकाडावरून वेलस्लीला सगळं एका नजरेत दिसलं. समोर केळणा, तिच्यापलीकडं तिला जवळपास समांतर जुई, आणि पूर्वेला दोघींचा संगम. दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्टीवर अख्खी फौज. तिच्या उजव्या अंगाला, भोकरदनच्या बाजूला, सवारच सवार. तिच्या डाव्या अंगाला, असईच्या बाजूला, कवायती पायदळ, दहा हजारांहून जास्त : पोलमनचा कंपू, सरधन्याच्या बेगम समरूचा सालूरच्या हाताखालचा कंपू आणि ड्यूपाँटचा कंपू. त्यांच्यापुढं मांडलेल्या तोफा शंभराच्या घरात.

वेलस्लीजवळ मद्रासचे शिपाई, स्कॉटलंडच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी आणि थोडं कवायती घोडदळ मिळून सुमारे ४,५०० माणूस आणि १७ तोफा. त्याखेरीज म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून सुमारे ५,००० सवार. म्हणजे त्या दिवशी केळणेच्या दोन्ही काठांवर मराठी बोलणारे होते.

एवढ्या फरकाने लढायचं तर जागा अरुंद हवी. इ.स.पू. ३३३ मध्ये इससला अलेक्झांडरला हीच सोय मिळाली. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, मधे पिनारस नदी. दारियसची अफाट फौज त्या चिंचोळ्या पट्टीत पसरूच शकली नाही. तिथंही दारियसच्या फळीचा कणा भाडोत्री होता. त्याच्या पदरचे ग्रीक शिपाई शर्थीने लढत राहिले आणि खुद्द दारियस रथ वळवून निघून गेला.

असईला अशी चिंचोळी पट्टी दोन नद्यांच्या मधे होती. प्रश्न तिच्यात शिरायचं कुठून हा होता.

चार तास बाकी : दुपारी २

वाटाड्यांनी हात वर केले. खालच्या अंगाला उतार नाही. केळणेचे काठ उभे, तळाशी चिखल, बैलांनी ओढायच्या तोफा न्यायच्या म्हणजे उतार हवाच. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडं एक गाव आणि बरोबर समोर पलीकडं दुसरं : पिंपळगाव आणि वरूड.

दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसली आहेत, तर मधे ये-जा असणारच. लग्नाची वऱ्हाडं, बाजाराच्या बैलगाड्या आणि चुकलेली जनावरं कुठून तरी पार होतच असणार. खेड्यातल्या पोरालाही सुचेल अशी ही गोष्ट. पण वाटाडे नाही म्हणत असताना तिच्यावर सगळी फौज पणाला लावायला वेगळी छाती लागते. एका इंजिनिअर अधिकाऱ्याला पाहणीला धाडलं. तो परत आला तो उतार सापडल्याची बातमी घेऊन.

त्या उतारावर कुणी नव्हतं. शंभर तोफांमधल्या चार तिथं असत्या आणि वरूडच्या घरांत एक पलटण बसवली असती, तर ही लढाई केळणेच्या पाण्यातच संपली असती. पोलमनने तोफांना दुरून मारा करायला लावलं, पण उताराकडं माणूस पाठवला नाही.

तीन तास बाकी : दुपारी ३

फौज पाण्यात उतरली. लांबून आलेल्या एका गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडवलं. धड खोगिरातच राहिलं आणि बुजलेलं घोडं ते घेऊन तसंच उधळलं. बाकीचे पार झाले. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे सवार दक्षिण काठावरच, समोरच्या मराठी घोडदळावर नजर ठेवून.

वेलस्लीचा हिशेब साधा होता. शत्रूचं तोंड दक्षिणेला केळणेकडं आहे, आपण पूर्वेच्या बाजूने त्याच्या डाव्या कुशीत घुसायचं. आणि इथंच त्याला कॉलिन्सचे शब्द आठवले असतील. पोलमनच्या पलटणी हलू लागल्या. एकामागून एक, तोफांसकट, गोंधळ न करता सगळी फळी काटकोनात फिरली. थोड्याच वेळात जिथं कूस होती तिथं छाती आली. केळणेपासून असई गावापर्यंत सुमारे मैलभर लांब नवी भिंत.

मॅसिडोनियाच्या फॅलेन्क्सला हेच अवघड जाई. पॉलिबियसने लिहून ठेवलं आहे की समोरून त्या भाल्यांच्या जंगलाला कुणीही थोपवू शकत नाही. पण त्याला सपाट मोकळी जमीन लागते आणि तुकड्या-तुकड्यांनी हालचाल करता येत नाही. इ.स.पू. १९७ मध्ये किनोस्केफलाईच्या टेकड्यांवर एक रोमन ट्रिब्यून वीस तुकड्या घेऊन मागच्या अंगाला गेला आणि ज्यांना तोंड फिरवता येईना ते जागच्या जागी कापले गेले. असईला पोलमनच्या शिपायांनी तोंड फिरवलं, तेही शत्रू समोर असताना. त्या दिवशीची सर्वांत अवघड कवायत हरलेल्या बाजूने केली.

दोन तास बाकी : चारच्या सुमारास

मग तोफा बोलू लागल्या. इंग्रजांच्या तोफांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. गोलंदाज पडले, तोफा ओढणारे बैल जुवातच मेले. वेलस्लीने आपल्या तोफा जागीच सोडल्या आणि संगिनी लावून चालून जायचा हुकूम दिला.

नदीच्या बाजूला ७८ वी पलटण होती. छर्र्यांच्या पावसात ती थांबत-सावरत पुढं गेली, पन्नासेक यार्डांवर एक बार काढला आणि धावली. गोलंदाज तोफा सोडून गेले नाहीत. तोफेला बत्ती देणाऱ्या हातात बंदूक नसते. ते तिथंच संगिनींवर मेले. मागचं पायदळ मात्र डगमगलं आणि या अंगाला फळी फुटली.

दीड तास बाकी : उजवी बाजू

दुसऱ्या टोकाला उलटंच घडत होतं. पहाऱ्याच्या तुकड्यांचा नायक कर्नल ऑरॉक याला असईपासून अंतर राखायचं होतं. तो चालत राहिला तो थेट असईच्या दिशेने. त्याच्यामागं ७४ वी पलटण ओढली गेली. गावात दबा धरलेलं पायदळ आणि गावाभोवतीच्या तोफा याच घासाची वाट पाहत होत्या. वर मराठी सवार तुटून पडले. स्कॉट लोकांनी आपल्याच मेलेल्यांच्या राशीआड चौकोन धरला. सुमारे ५०० जणांमधले १० अधिकारी आणि १२४ शिपाई मेले, ७ अधिकारी आणि २७० शिपाई जखमी.

वेलस्लीच्या फौजेला भगदाड पडलं होतं. आता केळणेकाठी उभ्या असलेल्या हजारो सवारांनी एकदा उठाव केला असता, तर पुढचं पानच वेगळं लिहिलं गेलं असतं. गावाजवळ जे काही सवार धावले ते धावले. बाकीचा प्रचंड जमाव आपल्या जागी उभा राहिला. त्यांना हुकूम कुणी द्यायचा? पोलमन पायदळाचा, चाकरीतला. शिंद्यांच्या आणि भोसल्यांच्या सरदारांना 'चला' म्हणण्याचा अधिकार असलेली दोन माणसं सकाळीच गेली होती.

चौकोन विझत आला असताना कर्नल मॅक्सवेलचं घोडदळ, म्हणजे १९ वी ड्रॅगून्स आणि मद्रासचे सवार, मधून घुसलं. ७४ वीतलं उरलंसुरलं माणूस त्यामुळं वाचलं.

एक तास बाकी : पाचच्या सुमारास

इंग्रजांची फळी जुईकडं पुढं सरकली आणि पाठीमागून अचानक छर्रे येऊ लागले. ज्या तोफा जिंकल्या म्हणून मागं टाकल्या होत्या, त्यांच्याखाली मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले होते. तोफांची तोंडं फिरवून ते जिंकणाऱ्यांच्या पाठीवर मारा करत होते. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. कवायतीच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही.

वेलस्लीला ७८ वी पलटण आणि सातव्या मद्रास घोडदळाला घेऊन मागं फिरावं लागलं. त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. एक घोडा त्याच्या मांडीखाली आधीच मेला होता. आता तो राखाडी अरबी डायोमेडवर होता. होमरच्या 'इलियड'मधला या नावाचा योद्धा खुद्द युद्धदेवाला भाल्याने जखमी करतो. असईला भाला डायोमेडच्याच छातीत शिरला. घोडा पडला, पण मेला नाही. पुढं तो मालकाला परत मिळाला.

शून्य : सहा वाजता

पोलमनने जुईला पाठ देऊन पुन्हा एकदा फळी सावरली. मॅक्सवेल दुसऱ्या हल्ल्यात मारला गेला. पण समोरून पायदळ भिडण्याआधीच कंपू मागं सरले आणि जुई ओलांडून गेले. मोडलेली फौज पळते तसे नव्हे, बऱ्याच अंशी रांगेने. असई गावातल्या पायदळानेही गाव सोडलं. तोफा नेता येण्यासारख्या नव्हत्या. ९८ तोफा जिथं होत्या तिथंच राहिल्या, आणि बहुतेकींच्या चाकांशी त्यांचे गोलंदाज.

इंग्रजांकडं ४२८ मेले, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. लढलेल्या दर तिघांमागं एकाहून जास्त. मराठ्यांचे १,२०० देह मैदानात मोजले गेले, असं जिंकणाऱ्यांचे कागद सांगतात.

नंतर

तोफांचे आवाज स्टीव्हन्सनने लांबून ऐकले होते. तो तातडीने निघाला, पण वाटाड्याने त्याला आधी नेलं ते भोकरदन गावाला. असईला पोचेपर्यंत २४ तारखेची संध्याकाळ झाली होती. एकाच नावाने दोन दिवसांत दोन सेनापतींना चकवलं. एकाला ते लढाईत घेऊन गेलं, दुसऱ्याला लढाईपासून लांब.

पाठलाग लगेच झालाच नाही, कारण जिंकलेल्यांना उठवत नव्हतं. जखमींसाठी इस्पितळ उभारलं अजिंठ्याच्या किल्ल्यात. मग २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. शिंद्यांचं अहमदनगर गेलं, भडोच गेलं, गंगा-यमुनेमधला दुआब गेला, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूखही गेला.

छत्रपती संभाजीनगरहून असईला जायचं तर आज फुलंब्री, सिल्लोड करत भोकरदन गाठायचं आणि पुढं खेड्यांच्या रस्त्याने जायचं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. मूर्ती सापडली ते भोकरदन आणि तोफा राहिल्या ते शिवार, दोन्ही एकाच काळ्या मातीत.

सुर्जी-अंजनगावच्या तहात एक कलम होतं : इंग्रजांशी युद्धात असलेल्या देशांचे युरोपीय लोक शिंद्यांनी इंग्रजांच्या संमतीवाचून चाकरीत ठेवायचे नाहीत. म्हणजे कवायत शिकवणारे बाहेर. पण असईला कवायत कमी पडलीच नव्हती. पलटणी काटकोनात फिरल्या होत्या आणि गोलंदाज मेल्यावरही उठले होते. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत रिकामी राहिली ती जागा वेगळीच होती, आणि ती भरून काढायला कुठल्याही तहाची संमती लागत नव्हती.